हात दाखवून वळण

मागच्या भाषणात आपण पिठाच्या गिरणीचा इतिहास ऐकला. आज गाडीच्या सिग्नलचा आणि अर्थिंगचा ऐकू या. हे काय बायकांचं काम, असं कुणाला वाटलं तर रेडिओ बंद करू नका. आम्हालाही वर्षापूर्वी तसंच वाटत होतं.

आमच्या गटाकडे मालवाहू तीनचाकी आहे. बँकेचं कर्ज काढून जुनीच घेतली. मसाला, पापड, शेवया तालुक्याच्या बाजारात न्यायच्या आणि येताना किराणा आणायचा. मागची लोखंडी हौदी गंजून गेली होती, म्हणून एका कारागिराकडून तिच्या जागी फायबरचा डबा बसवून घेतला. हलका, पाणी न शिरणारा, दिसायलाही छान. आर.टी.ओ.कडे त्याची रीतसर नोंद केली. गाडी आमच्यातलीच एक ताई चालवते. परवाना काढताना तिनं गाडी मागं घेऊन दाखवली, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावली होती.

एका संध्याकाळी हमरस्त्यावरून आमच्या फाट्याला उजवीकडे वळताना मागून येणारा मोटरसायकलवाला पोरगा उजव्या अंगानंच पुढं काढायला गेला आणि गाडीवर आदळला. गळ्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला, पण तो आमच्याच गटातल्या एका मावशींचा भाचा निघाला. आता बोला. पोरगा म्हणाला, "सिग्नल नव्हताच. डावीकडचा लाल दिवा तेवढा लागला होता. मला वाटलं, गाडी डावीकडं थांबतेय." ताई शपथेवर सांगत होती, "मी उजवा सिग्नल दाबला होता. टिकटिक ऐकू येत होती, जरा घाईघाईनंच होत होती." गावानं निकाल देऊन टाकला की बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. उपचाराला गटाच्या अडीअडचणीच्या निधीतून पैसे दिले, आणि पुढच्या बैठकीत गाडी विकायचा विषय निघाला.

गाडी विकण्याआधी आम्ही ती तालुक्याच्या एका वायरिंगवाल्या दादांना दाखवली. त्यांनी ताईला आत बसवलं, आम्हाला मागं उभं केलं आणि म्हणाले, "उजवा दाबा." उजवीकडचा पिवळा दिवा नुसता निखाऱ्यासारखा लालसर झाला, आणि त्याच्या तालावर डावीकडचा लाल दिवाही मिणमिणू लागला. मग म्हणाले, "आता ब्रेकपण दाबा." डावा लाल दिवा लख्ख पेटला. उजवी बाजू जवळजवळ काळोखी. पोरगा खरं बोलत होता, आणि ताईही.

हे कसं झालं ते कळायला आपल्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं मागं आणि बरंच लांब जावं लागेल.

आपल्या जुन्या विहिरीवरचा रहाट आठवा. भरलेल्या डब्यांची माळ वर येते, पाणी ओतते आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जाते. रिकामे डबे खाली गेले नाहीत तर भरलेले वर येणार कुठून? विजेचंही तसंच. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून जाऊन परत बॅटरीत आली पाहिजे. नुसती जायची वाट असून भागत नाही, यायचीही लागते. म्हणजे प्रत्येक दिव्याला दोन वायरी हव्यात. पण गाडीच्या मागचा दिवा बघा, बऱ्याचदा एका कामाला एकच वायर दिसते. दुसरी कुठं गेली? ती म्हणजे गाडीचं लोखंड. बॅटरीचं एक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, दिव्याचं एक टोकही सांगाड्याला टेकतं, आणि सगळी गाडीच परतीची वायर होते. यालाच मेकॅनिक 'बॉडी अर्थ' म्हणतात.

पण गाडी तर रबराच्या टायरवर उभी. जमिनीशी तिचा संबंध काय? मग नाव 'अर्थ', म्हणजे पृथ्वी, कशाला? हे नाव गाडीचं नव्हेच, तारेचं आहे. १८३८ साली जर्मनीत श्टाइनहाइल नावाचे एक प्राध्यापक तारयंत्राचे प्रयोग करत होते. न्युरेंबर्ग ते फ्युर्थ हा तिथला पहिला रेल्वेमार्ग. त्यांच्या मनात आलं, रूळ दोन आहेतच, एकातून वीज पाठवू, दुसऱ्यातून परत आणू, वायरीचा खर्च वाचेल. प्रयोग फसला, कारण वीज एका रुळावरून जमिनीत उतरून थेट दुसऱ्या रुळावर जात होती. दुसरा कुणी असता तर सामान आवरून घरी गेला असता. यांनी उलटा विचार केला. जमीनच वीज नेत असेल तर परतीची वायर हवी कशाला? एक वायर खांबावरून न्यायची आणि दोन्ही टोकांना धातूचा पत्रा जमिनीत पुरायचा. निम्मी वायर वाचली. पुढं जगभर तारा एका वायरीवर धावल्या. आपल्या देशात १८५५ साली तार सर्वसामान्य लोकांसाठी खुली झाली, आणि २०१३ च्या जुलै महिन्यात ती कायमची बंद झाली. घरात तार आली म्हणजे रडारड, हे आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. तारेचा जमाना गेला, पण परतीच्या वाटेला तिनं दिलेलं 'अर्थ' हे नाव मोटारीला चिकटलं ते चिकटलंच.

मोटारीची गोष्ट निघाली की बर्था बेंझबाईंचं नाव घ्यावंच लागतं. कार्ल बेंझ यांच्याशी लग्न होण्याआधीच या बाईंनी आपल्या हुंड्याचा पैसा त्यांच्या अडचणीतल्या कारखान्यात घातला होता. तीनचाकी मोटार तयार झाली, पण विकत घ्यायला कुणी येईना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, दोन पोरांना घेऊन त्या मोटारीनं निघाल्या. कुठं? माहेरी! मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. आणि विजेच्या वायरीचं आवरण झिजून ती लोखंडाला टेकायला लागली, तेव्हा पायमोजा बांधायचा पट्टा काढून त्यावर गुंडाळला. गाडीच्या वायरिंगची रस्त्यातली पहिली दुरुस्ती आम्हाला ठाऊक आहे ती हीच, आणि ती बाईनं केलेली आहे. आमच्या गावाला हे ऐकवायची फार इच्छा होती.

आता सिग्नलकडे वळू. सुरुवातीच्या मोटारींना सिग्नल नव्हता. चालवणाऱ्याचा हात हाच सिग्नल. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवीकडे वळायचं तर हात सरळ बाहेर काढायचा. डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरवायचा. ट्रकवर डावीकडचं काम क्लीनरचं. तो दारावर थाप मारणार, हात हलवणार. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही सिग्नल देणं हे चालकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलं आहे, आणि वळायचा सिग्नल यंत्रानं किंवा विजेच्या साधनानंही देता येईल, अशी मुभा पुढं जोडली आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी मूळ सिग्नल हाताचा, दिवा नंतरचा.

मागं कोण आहे हे बघायची सोयही बाईनंच सुचवली. इंग्लंडमधल्या डोरोथी लेविट या बाई मोटारींच्या शर्यतीत उतरायच्या. बायकांनी मोटार कशी चालवावी यावर त्यांनी १९०९ साली पुस्तक लिहिलं. त्यात त्या सांगतात, गाडीत एक छोटा हातआरसा ठेवा आणि अधूनमधून उचलून मागचा रस्ता बघा. पर्समधला आरसा! गाड्यांना आरसे बसवायची पद्धत त्यानंतर रुळली.

आणि हाताची जागा यंत्रानं घ्यावी हे ज्यांच्या मनात आलं, त्यांच्यात एक नटी होती. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही मूळची कॅनडाची, मूकपटांच्या काळात अमेरिकेत घराघरांत पोचलेली. त्या काळी सिनेमावाले नटांची नावंच छापत नसत. लोक हिला कंपनीच्या नावानं 'बायोग्राफची मुलगी' म्हणून ओळखायचे. हिला मोटारींचं भलतं वेड. १९१४ च्या सुमारास तिनं गाडीच्या मागं एक दांडी बसवली. बटण दाबलं की दांडी वर-खाली होऊन वळायची दिशा दाखवायची. ब्रेक दाबला की मागं 'थांबा' अशी पाटी आपोआप उभी राहायची. तिच्या आईनं, शार्लोट ब्रिजवुड यांनी, काच पुसणाऱ्या विजेच्या वायपरचं पेटंट १९१७ साली घेतलं. मुलीनं मात्र आपल्या दांडीचं पेटंट घेतलंच नाही. पुढं मोटार कंपन्यांनी आपापले सिग्नल बनवले आणि हिच्या हाती काहीच लागलं नाही. उतारवयात ती आजारी, एकटी आणि विस्मरणात गेलेली होती. १९३८ च्या डिसेंबरात तिनं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. आम्ही गटात नोंदवहीचा एवढा आग्रह का धरतो, याची आठवण आम्हाला ही गोष्ट वाचताना झाली.

युरोपात दांडीचाच दुसरा प्रकार चालला. दाराजवळच्या खांबात बोटभर जाडीची पट्टी लपलेली असायची. बटण दाबलं की विजेच्या चुंबकानं ती कोंबडीच्या पंखासारखी बाहेर यायची आणि आतला दिवा लागायचा. मॉरिस मायनर गाडीला अशा पट्ट्या १९६१ पर्यंत होत्या. तोवर लुकलुकणारा दिवा आला होता. अमेरिकेतल्या ब्युइक कंपनीनं १९३९ च्या मॉडेलला मागच्या बाजूला असे सिग्नल दिले, आणि पुढच्याच वर्षी वळण संपल्यावर ते आपोआप बंद व्हायची सोयही केली.

दिवा लुकलुकतो कसा, हे आम्हाला फार आवडलं. जुन्या फ्लॅशरमध्ये, म्हणजे त्या टिकटिक करणाऱ्या डबीत, धातूची छोटी पट्टी असते. दिव्याकडे जाणारी वीज तिला तापवते. तापली की ती वाकते आणि जोड तुटतो, दिवा विझतो. थंड झाली की पुन्हा सरळ, पुन्हा जोड. तव्यावरच्या पापडानं अंग आकसावं आणि सोडावं, असं मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा. ती तापते दिव्यांच्या विजेवर. सिग्नलचा एक दिवा साधारण २१ वॅटचा, पुढचा आणि मागचा मिळून ४२. बारा व्होल्टच्या बॅटरीवर साडेतीन अँपिअर. एक दिवा गेला की वीज निम्मी होते, पट्टी पुरती तापत नाही आणि लुकलुक बिघडते. आताच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये ही गोष्ट मुद्दाम वापरली आहे. दिवा गेला की टिकटिक दुप्पट वेगानं होते, म्हणजे चालकाला कळावं. आमच्या ताईला ऐकू आलेली घाईची टिकटिक ती हीच. गाडी तिला ओरडून सांगत होती. ती भाषा तिला कुणी शिकवली नव्हती, एवढंच.

आता फायबरच्या डब्याकडे येऊ. त्यासाठी इंग्लंड-अमेरिकेतल्या घरी बांधायच्या गाड्यांची गोष्ट सांगावी लागेल. तिथं त्याला 'किट कार' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर जबर विक्रीकर होता, पण सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. मग हुशार लोकांनी खोक्यात भाग भरून विकायला सुरुवात केली. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची 'सेव्हन' ही गाडी १९५७ साली आली. नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि बाकी जोडणी घ्या तुमच्या अंगणात. असं सांगतात की संचासोबत जोडणीची माहिती दिली तर कर लागायचा. म्हणून कंपनी गाडी 'कशी खोलावी' याची माहिती द्यायची, ती शेवटून वाचायची! कराची पळवाट शोधण्यात गोरा साहेबही आपल्यासारखाच. १९७३ साली नवा कर आला, सवलत संपली, आणि लोटसनं ती गाडी बनवायचे हक्क केटरहॅम कंपनीला विकले. तिथं ती पुढंही बनत राहिली.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स हे गृहस्थ होड्या बांधायचे. होड्यांमुळे फायबरचं काम त्यांच्या हातातलं. १९६४ साली त्यांनी वाळूत पळायला एक उघडी गाडी केली, 'मायर्स मँक्स'. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आणि बाकी यंत्र, वर फायबरचं टब. असे हजारो संच विकले गेले आणि त्याहून कितीतरी जास्त नकला निघाल्या. लोक जुनी बीटल आणायचे, तिचं धूड काढून टाकायचे, तळ कापून आखूड करायचे आणि वर फायबर बसवायचे.

आणि मग दिवे लागायचे नाहीत. कारण फायबर म्हणजे काचेचे धागे आणि राळ, त्यातून वीज जात नाही. मूळ गाडीत दिवा लोखंडी पत्र्याला स्क्रूनं बसवला की परतीची वाट आपोआप मिळायची. पत्रा गेला, वाट गेली. घरी गाडी बांधणाऱ्याला प्रत्येक दिव्यापासून सांगाड्यापर्यंत वेगळी अर्थची वायर ओढावी लागायची. ज्याला हे माहीत नसे तो बल्ब बदलत बसायचा, फ्लॅशर बदलायचा, बॅटरीला शिव्या द्यायचा. इंग्लंडमध्ये आणखी एक घोळ होता. तिथल्या १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडलेलं असायचं, नंतर वजा टोक जोडायला लागले. जुन्या गाडीचा सांगाडा आणि नव्या गाडीचा रेडिओ किंवा अल्टरनेटर, अशी मोट बांधणाऱ्याचं सामान एका झटक्यात जळून जायचं. १९९८ पासून इंग्लंडनं अशा घरगुती गाड्यांसाठी वेगळी सरकारी तपासणी सुरू केली. दिवे आणि सिग्नल त्यात आलेच.

अर्थची वाट तुटली की वीज गप्प बसत नाही, हे दादांनी आम्हाला दाखवलं. ती दुसरी वाट शोधते. आमच्या मागच्या उजव्या दिव्याच्या एकाच घरात सिग्नल, ब्रेक आणि टेललॅम्प असे तिन्ही आहेत आणि तिघांची परतीची वायर एकच. तीच तुटलेली. मग सिग्नलची वीज शेजारच्या ब्रेकच्या तारेतून उलटी शिरायची, तिथून वायरीनं डावीकडच्या ब्रेकच्या दिव्यात, आणि तिथली अर्थ चांगली असल्यानं तिकडून घरी. तीन दिव्यांतून एकापाठोपाठ एक जाताना तिचा जोर वाटला जायचा, म्हणून सगळेच मिणमिणायचे. आणि ब्रेक दाबला की ब्रेकच्या वायरीतही तेवढीच वीज यायची, ती वाटही बंद. उजवी बाजू विझायची, डावी पेटायची. शेजारणीच्या अंगणातून जायची सवय असावी आणि ऐन घाईत तिनं दार लावून घ्यावं, तशी गत. त्या संध्याकाळी पोराला जे दिसलं ते हेच.

दादांनी डब्याच्या आतला कागद काढला. उजव्या दिव्याची काळी वायर नीट सोललेली, वळवलेली आणि स्क्रूखाली घट्ट आवळलेली. फक्त तो स्क्रू फायबरमध्ये होता. डावीकडची वायर मात्र लांब असल्यानं खाली सांगाड्याच्या बोल्टपर्यंत गेली होती. बसवणाऱ्याच्या हाताला उजवीकडे वायर आखूड पडली असणार, आणि आयुष्यभर लोखंडाच्या हौद्या केलेल्या माणसाला स्क्रू म्हणजे अर्थ, एवढंच ठाऊक. आम्ही त्यांच्याशी भांडायला गेलो होतो. बोलून आलो, भांडलो नाही. आता ते प्रत्येक डब्याला दोन्हीकडे लांब वायर टाकतात, आणि आम्ही खात्री करायला जातो.

आपल्या मुलखाचं या सगळ्याशी नातं जुनं आहे. १९२८ साली मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सनं कारखाना काढला. तिथं परदेशातून खोक्यांत भरून आलेले सुटे भाग जोडून मोटारी तयार व्हायच्या. म्हणजे आपल्याकडची मोटार आधी खोक्यातूनच आली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून स्वतःच्या हिकमतीनं 'मीरा' नावाची छोटी मोटार बांधली, नंतर सुधारून पुन्हा बांधली. सामान्य घराला परवडेल अशी गाडी करायचं त्यांचं स्वप्न होतं. ती रस्त्यावर धावली, पण कारखान्यात उतरली नाही. आज आपल्याकडे घरी गाडी बांधून रस्त्यावर आणणं सोपं नाही. कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाहीत. आम्हाला आधी हा जाच वाटायचा. आता तसा वाटत नाही, पण हेही खरं की आमच्या डब्याची नोंद कागदावर होती आणि कागदावर वायर दिसत नाही.

आणि पुण्याजवळच्या कारखान्यांत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या, ज्याला हार्नेस म्हणतात, त्या बांधायचं काम आज कितीतरी मुली-बायका करतात. आमच्याच गटातल्या दोघींच्या लेकी तिथं आहेत. फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्यांच्यातून रंगारंगाच्या वायरी ओढून, गुंफून, टेप मारायची. त्यातली एक सुट्टीला आली होती. तिनं आमच्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, ही काळी वायर इथं कशाला? हिच्यावर रंग आहे. रंग खरवडल्याशिवाय अर्थ लागत नाही." दादांनी जोडलेलं होतं डावी-उजवीचं. हे पुढचं निघालं. मग बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं लोखंड चकाकेपर्यंत घासलं, वायरीचा डोळा घट्ट बसवला आणि वरून ग्रीस चोपडलं, गंज धरू नये म्हणून. आता हे काम आमच्यातल्या चौघींना येतं.

एक गोष्ट मात्र अजून अर्धी आहे. उसाचा हंगाम आला की आपल्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर धावतात. बहुतेक ट्रॉल्यांना मागं दिवाच नसतो. ज्यांना असतो त्यांतल्या काहींची अर्थ ट्रॅक्टरच्या हुकातून घेतलेली असते, म्हणजे ट्रॉली हिसका खाईल तशी ती लागते आणि तुटते. ट्रॉलीसाठी सात पिनांचा प्लग मिळतो, त्यातली एक पिन नुसती अर्थसाठी असते. आमच्या गटातल्या ज्या घरांत ट्रॉली आहे अशा पाच घरांत आम्ही बोललो. तिघांनी प्लग बसवला. चौथ्या घरी भावोजी म्हणाले, "बायका आता ट्रॉलीची वायरिंग शिकवणार का?" वहिनींनी उत्तर दिलं नाही. कारखान्याच्या पहिल्या उचलीतून प्लग आणि लाल रिफ्लेक्टर स्वतः घेऊन आल्या. पाचवं घर अजून बाकी आहे.

पोराचं हाड सांधलं. तो पुन्हा मोटरसायकलवर फिरतो आणि फाट्यावर आमची गाडी दिसली की मागं थांबून राहतो. गाडी विकली नाही, कर्जाचे सात हप्ते उरलेत. ताई फाट्याला आली की उजवा सिग्नल दाबते, टिकटिक नीट ऐकते, आरशात बघते, आणि तरीही खिडकीतून हात सरळ बाहेर काढते.